विषाचा हिशेब ठेवणारी डबी

हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ७० भाग मिसळले, तरी अमेरिकेत विकला जाणारा घरगुती अलार्म निदान तासभर गप्प राहतो. तो बिघडलेला नसतो, त्याला तसा नियमच आहे. ‘यूएल २०३४’ या मानकानुसार ७० भाग असतील तर त्याने १ ते ४ तासांत वाजायचे, १५० असतील तर १० ते ५० मिनिटांत आणि ४०० असतील तर ४ ते १५ मिनिटांत. धुराचा अलार्म धूर लागला की ओरडतो. ही तळहाताएवढी डबी मात्र विष किती आणि किती वेळ, असा दोन्हींचा हिशेब ठेवते, कारण माणसाच्या रक्तातही विष असेच साठत जाते.

या वायूला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, ठसका आणत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि माणसाला वाटते, पित्त झाले असावे. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. उंदीर आणि छोटे पक्षी भराभर श्वास घेतात आणि माणसाआधी कोसळतात, म्हणून त्यांना खाणीत सोबत न्या, हा सल्ला त्याचाच. ब्रिटनच्या कोळसाखाणींत कॅनरी पक्ष्यांची जागा यंत्राने घेतली ती थेट १९८६ साली.

घरात झोपलेल्यांना असा पक्षीही नव्हता. कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या घरात रात्रीतून गेला, तो तुंबलेल्या धुराड्यामुळे. टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस सप्टेंबर १९९४मध्ये न्यूयॉर्कजवळ एका मित्राकडे मुक्कामाला असताना मरण पावला. पोहण्याच्या तलावाचे पाणी तापवणारा हीटर नीट बसवलेला नव्हता आणि त्याचा वायू खोलीत शिरला होता.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून शिकागो शहराने घरोघरी हे अलार्म सक्तीचे केले. डिसेंबर उजाडला आणि अग्निशमन दलाकडे हजारो फोन आले. बहुतेक घरांत काहीही बिघडलेले नव्हते. हवेच्या उबदार थराखाली शहराचा धूर जमिनीलगत कोंडला होता आणि नवे अलार्म तेवढ्यावरच वाजत होते. पुढे मानक बदलले. आता ३० भागांच्या हवेत ३० दिवस ठेवले तरी अलार्मने वाजायचे नाही. हा बदल योग्यच होता, कारण उगाच वाजणाऱ्या यंत्राची बॅटरी लोक काढून ठेवतात. पण घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा हृदयरोगी असेल, तर कमी प्रमाणही आकड्यांत दाखवणारे मॉडेल घ्यावे.

डबीच्या पोटात असतो एक छोटा रासायनिक घट. त्यातल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि विजेचा अगदी क्षीण प्रवाह वाहतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. जुन्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरला सतत तापवावे लागे, म्हणून तो भिंतीतल्या प्लगला बांधलेला असे. हा घट मात्र बॅटरीवर वर्षानुवर्षे चालतो, प्रवासाच्या बॅगेतही मावतो. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या एका हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. थंडीत डोंगराळ भागात जाणाऱ्यांनी ही डबी सोबत न्यावी ती यासाठीच.

आपल्याकडच्या घरांत ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जो बसवतात, तो बहुतेकदा सिलिंडरमधल्या स्वयंपाकाच्या गॅसचा. तो गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचे यंत्र जमिनीजवळ लावतात. शिवाय त्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडपुढे हे यंत्र निरुपयोगी आहे. हा वायू वजनाने जवळजवळ हवेइतकाच, सगळीकडे मिसळणारा, म्हणून त्याचा अलार्म झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर हवा.

महाराष्ट्रात खरा धोका बाथरूममधला. चिमुकली बंद खोली, भिंतीवर गॅस गिझर, थंडीमुळे लावून घेतलेली खिडकी. ऑक्सिजन घटत जातो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि आंघोळ करणारा काही मिनिटांत कोसळतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव दिले आहे. आंघोळ करताना आलेली फिट पाहून अपस्माराचा संशय घेतला जातो आणि गिझर तसाच भिंतीवर राहतो. इथे अलार्मवर विसंबून चालणार नाही. बाथरूमच्या वाफेत सेन्सर खराब होतो, आणि बाहेर लावलेला वाजेपर्यंत आतल्याला उशीर झालेला असतो. गिझरच बाहेर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाणी नळाने आत आणावे. अलार्म हवा तो त्यानंतर, उरलेल्या घरासाठी.

अलार्मवरचे बटण दाबले की आवाज येतो. त्याने बॅटरी आणि भोंगा ठीक असल्याचे कळते, सेन्सर जिवंत असल्याचे नाही. सेन्सरचे आयुष्य साधारण ७ ते १० वर्षे. संपण्याची तारीख बहुधा डबीच्या पाठीवर छापलेली असते. लागोपाठ चार बीप, मग थोडा थांबा आणि पुन्हा चार, असे वाजले तर वायू आहे. मिनिटाभराने एकदाच ‘टुक’ झाले तर बहुधा बॅटरी संपत आली आहे. चार बीप ऐकू आल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे, माणसे मोजायची आणि मगच मदतीसाठी फोन करायचा.

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर मात्र भरवसा ठेवू नये. बोटाला लावायच्या त्या साध्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त आणि ऑक्सिजनने भरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्ध पडलेला असतानाही ते ९८ दाखवू शकते. म्हणून दवाखान्यात पोचताच ‘गिझर चालू होता’, ‘खोलीत शेगडी पेटवली होती’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवे. मग ते रक्ताची वेगळी तपासणी करतात आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन लावतात. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे तास-दीड तास.