सर्पगंधा : राळेत राहून गेलेलं औषध

लेखमाला : मुळीपासून रेणूपर्यंत

गेल्या आठवड्यातल्या अडुळशावरच्या लेखानंतर बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला. वनस्पतींचे गुण आपल्या वैद्यांना आधीच माहीत होते, तर प्रयोगशाळेनं नवीन काय केलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात जितकं लख्ख दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या भारतीय वनस्पतीच्या इतिहासात क्वचितच दिसेल.

सर्पगंधा आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात सापडते. मराठीत तिला अडकई असंही म्हणतात. झुडूप फार तर कमरेएवढं. एकेका पेरावर तीन-तीन, चार-चार चकचकीत पानं, पांढरट फुलं आणि त्यांचे लालभडक देठ. फळ पिकलं की काळपट जांभळं होतं. औषध असतं ते मुळात, आणि त्यातही मुख्यतः मुळाच्या सालीत. मुळीला वास जवळजवळ नसतो, पण कण जिभेवर ठेवला तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. बिहारमध्ये तिचं लोकांमधलं नाव ‘पागल की दवा’. मूल झोपत नसेल तर मुळीचा अंश देण्याची चालही तिकडे होती.

1931 साली कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक लेख प्रसिद्ध केला. सेन आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक, दोन्ही शिकलेले. मुळीचं चूर्ण 20 ते 30 ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिलं की रुग्णाला झोप लागते, रक्तदाब उतरतो, आणि आठवड्याभरात उन्मादाचा जोर ओसरतो, असं त्यांनी नोंदवलं. यातला ‘आठवडाभर’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची वीस वर्षं त्याच्याभोवतीच फिरतात.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी याच मुळीतून अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली अल्कधर्मी द्रव्यं, स्फटिकरूपात वेगळी काढली. जर्मनीत फ्रँकफर्टला रसायनशास्त्राचं शिक्षण घेऊन आलेल्या सिद्दिकींना ही प्रयोगशाळा उभारण्याची संधी हकीम अजमल खान यांच्यामुळे मिळाली होती. म्हणून एका स्फटिकाला त्यांनी अजमलिन हे नाव दिलं. काम अव्वल दर्जाचं होतं. अजमलिन पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरलं गेलं, आणि ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयविकार ओळखण्याच्या चाचणीत ते आजही शिरेतून दिलं जातं. पण वैद्य सांगत होते ती शांत झोप या स्फटिकांतून काही मिळेना. काही स्फटिकांनी हृदय मंदावे, काहींनी उलट चेतवलं जाई. मुळी दिली की माणूस शांत होतो, मुळीतले शुद्ध पदार्थ दिले तर होत नाही, असा पेच पडला.

हा पेच का पडला, हे नीट पाहण्यासारखं आहे. अल्कलॉइडं काढण्याची रूढ पद्धत अशी : मुळीचं भरड चूर्ण अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं, अर्क आटवायचा, मग त्यात आम्लाचं पाणी घालायचं. अल्कलॉइडं अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाच्या पाण्यात उतरतात आणि वर तपकिरी, चिकट राळ उरते. रसायनशास्त्रज्ञ पाणी घेतो, राळ बाजूला सारतो. पण सर्पगंधेतलं मुख्य शामक द्रव्य हे अतिशय दुबळं अल्क आहे. ते पाण्यात पुरतं उतरत नाही, राळेबरोबरच राहतं. देखणे स्फटिक बाटल्यांत भरले जात होते आणि ज्यासाठी सगळी खटपट चालली होती ते टाकाऊ चोथ्यात पडून होतं.

1940च्या दशकात कोलकात्याच्या संशोधकांनी या राळेतच झोप आणणारा गुण आहे असं दाखवून दिलं. माझ्या मते या कहाणीतलं सगळ्यात निर्णायक आणि सगळ्यात कमी गौरवलं गेलेलं पाऊल हेच. लोकांचा अनुभव आणि शुद्ध पदार्थांचा निकाल जुळत नाही म्हटल्यावर अनुभवच खोटा ठरवणं सोपं होतं. त्यांनी तसं न करता उरलेला भाग पुन्हा तपासला.

दरम्यान मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील मुळीच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. त्या काळी या विकारावर खात्रीचं औषध नव्हतं. परदेशात मीठ वर्ज्य करून नुसत्या भातावर ठेवणं किंवा मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करणं, असे उपाय चालत. वकिलांनी 50 रुग्णांवरचे निष्कर्ष 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवली आणि तिकडेही तोच अनुभव आला. 1957 साली वकिलांना या कामाबद्दल लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी हा एक आहे. मुंबईकरांना हे नाव आज फारसं माहीत नसावं, याची खंत वाटते.

द्रव्य अखेर हाती आलं ते 1952 साली, स्वित्झर्लंडमध्ये बासलच्या सिबा कंपनीत. म्यूलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी राळेचे भाग पाडत नेले आणि दर वेळी कोणता भाग प्राण्यांना शांत करतो हे पाहत पुढचा भाग निवडला. शेवटी उरलं ते रेसर्पिन. इथे सेन यांचा ‘आठवडाभर’ पुन्हा समोर येतो. रेसर्पिन शिरेतून दिलं तरी त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि मग तो दीर्घकाळ टिकतो. इंजेक्शन देऊन तासाभरात रक्तदाबाची रेघ पाहणाऱ्या प्रयोगात असलं औषध निरुपयोगी ठरण्याचीच शक्यता जास्त. वैद्यानं औषधासोबत अवधीही सांगितला होता. प्रयोगाची आखणी तो अवधी धरूनच व्हायला हवी होती.

हा उशीर का होतो, याचंही उत्तर पुढे मिळालं. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात. या पिशव्यांत रसायन भरणारा प्रथिनांचा पंप रेसर्पिन बंद पाडतं. बाहेर राहिलेलं रसायन विकरं नष्ट करतात आणि साठा हळूहळू रिता होतो. नॉरअॅड्रेनलिन आटलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 साली रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केलं आणि मग एल-डोपा देऊन पुन्हा हालतं केलं. पार्किन्सन्सवरच्या आजच्या उपचाराची वाट त्या प्रयोगातून निघाली. त्यांना 2000 साली नोबेल मिळालं.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. प्रयोगशाळेनं दिलेली मोठी गोष्ट म्हणजे मात्रा. एक किलो सुक्या मुळीत रेसर्पिन साधारण एक ग्रॅमच्या आसपास असतं. त्या हिशेबानं सेन यांच्या मात्रेतून दिवसाला अडीच ते चार मिलिग्रॅम रेसर्पिन पोटात जात असणार. रक्तदाबासाठी पुढे ठरलेली मात्रा मात्र दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. एकच मुळी थोडी दिली तर दाब उतरवते, जास्त दिली तर उन्माद शमवते, आणि दोन्हींत दहापटींहून अधिक अंतर आहे. त्यात मुळीमुळीत फरक : जागा, हंगाम, झाडाचं वय यांनुसार प्रमाण बदलतं. नाक चोंदणं, जठरात व्रण होणं, मोठ्या मात्रेत खिन्नता येणं हे दोषही मोजमापामुळेच नोंदले गेले. खिन्नतेचा संबंध सुरुवातीला वाटला तितका सरळ नाही, असं नंतरच्या फेरतपासणीत दिसलं. तरी रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना सर्पगंधेचं चूर्ण आपल्या मनानं घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी घेतलेली अॅडेल्फेनची गोळी अनेकांना आठवत असेल. तिच्यात हेच रेसर्पिन होतं, पण मोजून घातलेलं.

नवी औषधं आल्यावर रेसर्पिन मागे पडलं. मुळीची मागणी मात्र थांबली नाही, आणि मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचं. 1950च्या दशकात जगभरातून मागणी आली तेव्हा भारतानं कच्च्या मुळीच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि कंपन्या तिच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांकडे वळल्या. 1990पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापार नियंत्रित करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. लागवडीत मुळी काढण्याजोगी व्हायला दीड वर्ष तरी जातं, म्हणून रानातून फुकट मिळणारी मुळी व्यापाऱ्याला अजूनही स्वस्त पडते. औषधी कारखान्यांनी लागवडीच्याच मुळीची खरेदी करावी, ही अट कडकपणे पाळली गेली पाहिजे.

पुढच्या आठवड्यात गुग्गुळ. तिथे प्राण्यांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या चाचण्या यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत.