रुग्णालयाच्या वास्तूची नाडीपरीक्षा



रुग्णाची नाडी पाहण्यात आम्हां डॉक्टरांचे आयुष्य सरते. परंतु ज्या वास्तूत आपण ती पाहतो, त्या वास्तूलाही एक नाडी असते, याचे भान क्वचितच असते. मलाही ते नव्हते. आदिलाबादेत माझे छोटेसे प्रसूतिगृह सुरू केल्यानंतर कित्येक वर्षे इमारत, वीज, पाणी, प्राणवायू हे सारे ‘कोणीतरी पाहतो’ एवढ्यावरच मी समाधानी होतो. हा ‘कोणीतरी’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न वैशाखातील एका रात्रीने मला विचारला.

शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे नवलाचे नव्हे. जनरेटर सुरू झाला आणि तीन-चार मिनिटांत बंद पडला. बाळ नुकतेच जन्मले होते आणि रडत नव्हते. परिचारिकेने टॉर्चच्या उजेडात अंबू बॅगने त्याला श्वास दिला. दोन मिनिटांनी ते रडले, आणि आम्हीही श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी मी नोंदवही उघडली. दर सोमवारी ‘जनरेटर तपासला, ठीक आहे’ अशी नोंद आणि तिच्याखाली माझीच सही! नोंद खोटी नव्हती. परंतु तपासणी पाच मिनिटांची व भाराविना होत असे. डिझेलचा फिल्टर तुंबलेला होता, आणि हा दोष भार पडल्याशिवाय उघड होत नाही. चूक कामगाराची नव्हती. न वाचता सही करणाऱ्याची होती.

वास्तू-व्यवस्थापक कोण?

मोठ्या शहरांत या कामासाठी ‘फॅसिलिटी मॅनेजर’ नावाचा स्वतंत्र अधिकारी असतो. 2018 साली या विषयाचे आयएसओ 41001 हे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. माणसे, जागा आणि कार्यपद्धती यांची सांगड घालणे, हे या शास्त्राचे सार होय. लहान गावात असा अधिकारी मिळणे कठीण; तथापि त्याच्या अंगची कौशल्ये आपणांस टाळता येणार नाहीत.

पहिले कौशल्य : धोका आधी ओळखणे

9 डिसेंबर 2011 रोजी कोलकात्यातील एका मोठ्या खाजगी रुग्णालयास आग लागली. आग तळघरात होती. परंतु धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि सुमारे 90 जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक गुदमरून दगावले. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात 10 बालके गेली. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरार येथे आणि 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर येथे अतिदक्षता विभाग पेटले. या घटनांतून एकच धडा मिळतो : आगीइतकाच धूर घातक असतो, आणि जो रुग्ण स्वतः उठू शकत नाही, त्याच्यासाठी सुटकेची वाट आधीच ठरलेली असावी लागते. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनास तो प्रचंड वेग देतो. म्हणून जेथे प्राणवायू अधिक, तेथे जुनी वायर, तात्पुरते जोडलेले एक्स्टेंशन बोर्ड आणि कुलूप लावलेले मागचे दार ही तीन पापे अक्षम्य होत.

दुसरे : गणित

एका मोठ्या डी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला 10 लिटर दराने तो साडेअकरा तास पुरतो. मिनिटाला 60 लिटर लागू लागले, तर दोन तासही नाही. हे गणित व्यवस्थापकास तोंडपाठ हवे. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान 22 रुग्ण दगावले. टाकी असली तरी पर्यायी सिलिंडर हाताशी, भरलेले आणि जोडण्यास तयार असावेत, हाच त्याचा अर्थ.

पाण्याचेही तसेच. 100 खाटांपर्यंतच्या रुग्णालयास भारतीय मानकानुसार प्रत्येक खाटेमागे दररोज 340 लिटर पाणी धरतात. म्हणजे 30 खाटांना 10,200 लिटर. उन्हाळ्यात आपली टाकी किती दिवस पुरेल, हे कागदावर मांडून पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

तिसरे : नियमांचे ज्ञान

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 साली आले आणि 2016 साली नव्याने लागू झाले. संसर्गित ड्रेसिंग व शारीरिक अवयव पिवळ्या पिशवीत, नळ्या-सिरिंजसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. नियम आपणांस ठाऊक असतात. परंतु रात्रपाळीच्या आयाबाईस ते ठाऊक आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

चौथे : माणसांची भाषा

आपल्या जिल्ह्याच्या एका बाजूस यवतमाळ, एका बाजूस चंद्रपूर, एका बाजूस नांदेड. तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, हिंदी या सर्व भाषा आपल्या एकाच वॉर्डात ऐकू येतात. ‘बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी केवळ इंग्रजीत असेल, तर संकटकाळी तिचा उपयोग किती? पाट्या तेलुगू व मराठीत असाव्यात, बाणाचे ठळक चित्र असावे. आणि कर्मचाऱ्यास ‘साहेब, काहीतरी जळल्याचा वास येतो’ असे मध्यरात्रीही न भिता सांगता यावे. हे शेवटचे कौशल्य कोणत्याही यंत्रात मिळत नाही. ज्या रुग्णालयात दोष सांगणाऱ्यास बोलणी खावी लागतात, तेथे दोष लपून राहतात.

आपण काय करावे?

त्या रात्रीनंतर माझ्याकडे जनरेटरची चाचणी पूर्ण भारावर होते, आणि तिच्या वेळी मी स्वतः उभा असतो. दर शनिवारी एक तास मी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरतो. विजेचा बोर्ड, टाकी, मागचे दार, अग्निशामक नळकांड्याचा काटा हे सारे पाहतो. या फेरीत स्टेथोस्कोप लागत नाही. कान, नाक आणि हातात नोंदवही पुरे.

आपल्या संस्थेस माझी एक नम्र सूचना आहे. एकट्या छोट्या रुग्णालयास प्रशिक्षित व्यवस्थापक परवडत नाही, हे खरे. परंतु चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक माणूस नेमला आणि त्याने आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाकडे दिला, तर खर्च विभागला जाईल व नजर मात्र सर्वत्र राहील. दुसऱ्याच्या इमारतीतील दोष त्रयस्थास लवकर दिसतात, हाही लाभच.

रुग्ण आपल्यावर विश्वास ठेवून येतो, तो केवळ आपल्या हातातील कौशल्यावर नव्हे. आपल्या छपराखाली तो सुरक्षित आहे, हेही तो गृहीत धरतो. हे गृहीत खोटे ठरू नये. त्या रात्री ते बाळ रडले, हे आमचे भाग्य. परंतु रुग्णालय भाग्यावर चालवू नये, एवढेच माझे सांगणे.