मुक्त फॉन्ट आणि त्यांची दुरुस्ती

दक्षिण मुंबईत देवनागरी अक्षरे घडवण्याचा व्यवसाय जुना आहे. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हा अक्षराचे वळण राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातात असे आणि इतर छापखान्यांना मिळे तो ओतलेला तयार टाइप, ज्यात त्यांना काही बदल करता येत नसे. संगणक आल्यावरही स्थिती फारशी पालटली नाही. डीटीपीसाठीच्या जुन्या फॉन्टची आतली सांकेतिक मांडणी कंपनीगणिक वेगळी असल्यामुळे एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की अगम्य चिन्हे दिसत. प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणाऱ्या युनिकोडने ही अडचण दूर केली, पण अक्षराच्या आकारावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

त्याचे एक उत्तर ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्यात मिळते. या परवान्याखालील फॉन्ट कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा आणि वाटावा. मात्र तो नुसता, स्वतंत्र वस्तू म्हणून विकू नये, बदललेली आवृत्ती याच परवान्याखाली ठेवावी आणि मूळ कर्त्याने राखलेले नाव तिला देऊ नये. राज्य मराठी विकास संस्थेने असा मुक्त केलेला ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट आयआयटी मुंबईतील अभ्यासकांनी आधाराला घेतला, संस्कृतसाठी लागणारी जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे त्यात आणली, आणि ‘शोभिका’ या वेगळ्या नावाने तो पुन्हा सर्वांना खुला केला.

उद्योजकाचा हिशेब येथे निराळा असतो. ‘एक टाइप’ या मुंबईच्या समूहाने ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे बहुलिपी फॉन्ट गूगलच्या पाठबळाने मुक्त केले; अशा व्यवस्थेत मोबदला प्रतीमागे नव्हे, तर घडवण्याच्या श्रमासाठी मिळतो, आणि खुल्या कामातून दिसलेले कौशल्य मागणीनुसार फॉन्ट करून घेणारी गिऱ्हाइके आणते.

खरे सहकार्य मात्र दुरुस्तीत दिसते, आणि तेच काम सर्वांत कमी दिसते. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी; मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यावर योग्य आकार निवडण्याची सूचना फॉन्टमध्ये लिहावी लागते. ती चुकली, किंवा एखाद्या जोडाक्षरावर वेलांटी आदळली, तर वापरणारा तो शब्द, दिसलेले चित्र आणि आवृत्तीचा क्रमांक कळवतो. रचनाकार आकार किंवा सूचना सुधारतो, फाइल नव्याने बांधतो आणि जुने शब्द बिघडले नाहीत ना, हे पुन्हा तपासतो. या श्रमाचे मोल मूळ मोबदल्यात क्वचितच धरलेले असते, आणि ही उणीव गंभीर आहे, कारण फॉन्ट वर्षानुवर्षे वापरात राहतो. मराठी प्रकाशकांनी आणि वृत्तपत्रांनी अशी दुरुस्ती पैसे देऊन करून घ्यायला हवी. परवाना पैसे घेऊन काम करण्याच्या आड येत नाही, आणि एकाने करून घेतलेली दुरुस्ती प्रसिद्ध झाली की ती इतरांनाही वापरता येते.