लहान, गोल, निळ्या पेशींचे कोडे

कबड्डी खेळताना गुडघ्याला मार बसला, तर चार-आठ दिवसांत दुखणे थांबते. पण मार न लागताच हाड दुखू लागले, रात्री कळा वाढल्या आणि तेथे सूज आली, तर? बहुधा कारण साधेच निघते. क्वचित मात्र तो कर्करोग असतो.

१९२१ साली अमेरिकेतील जेम्स यूइंग यांनी मुलांच्या हाडांत होणाऱ्या अशा एका कर्करोगाचे वर्णन केले. किरणोपचाराने ही गाठ आक्रसते, हे त्यांनी पाहिले. पण तिचे निदान अवघड होते. गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की दिसतात लहान, गोल, निळ्या पेशी. मुलांच्या इतर अनेक गाठींतही तशाच पेशी असतात! स्नायूंसारख्या मऊ भागात वाढणाऱ्या, चेतापेशींच्या खुणा असलेल्या अशाच गाठींना 'पीएनईटी' हे वेगळे नाव मिळाले.

कोडे सुटले ते गुणसूत्रांमुळे. बाइंडरने दोन वह्यांची पाने चुकून एकमेकींत शिवावीत, तसे या पेशींत ११ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे बदललेले असतात, असे १९८० नंतरच्या दशकात आढळले. १९९२ मध्ये त्यातून बनलेले जोडजनुक सापडले. त्याचे विकृत प्रथिन इतर जनुकांचे कामकाज बिघडवते आणि पेशी बेबंद वाढते. यूइंगची गाठ व मऊ भागातील पीएनईटी या दोहोंत हीच खूण सापडली. म्हणजे नावे दोन, पण रोगांचे कुटुंब एकच! मेंदूतील पीएनईटी मात्र निराळ्या ठरल्या. तेथे हे नाव २०१६ पासून वर्गीकरणातून वगळले आहे.

पूर्वी केवळ शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होत, तेव्हा दहांतील जेमतेम एखादा रुग्ण वाचे. आज औषधोपचारांची जोड मिळाल्याने, रोग पसरण्यापूर्वी सापडल्यास दहांपैकी सुमारे सात रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणून दोन-तीन आठवडे न थांबणारे दुखणे लपवू नका. घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा.

आणि उपचारांनी केस गळलेला एखादा मित्र वर्गात परतला, तर त्याला बाकावर शेजारी जागा द्या. हा रोग स्पर्शाने पसरत नाही.