घरचे मत्स्यालय (भाग सहावा) : लाकडी टाकीला कोणता लेप लावावा?

मागच्या भागात टाकीचा सांगाडा उभा केला : तळ आणि तीन बाजू प्लायवूडच्या, दर्शनी बाजू काचेची. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशा टाकीत सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन. हा दाब वर्षानुवर्षे लेपालाच अडवायचा आहे.

नागपुरात लाकडाची परीक्षा कडक असते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आटते, पावसाळ्यात फुगते आणि पहिली चीर सांध्यावर पडते. अखंड फळीपेक्षा प्लायवूड कमी हलते, कारण त्याचे पदर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. म्हणून लकडगंजात खरेदी करताना आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूडच मागा.

आता लेप. गच्चीचे ॲक्रिलिक लेप पावसासाठी असतात, सतत पाण्याखाली राहण्यासाठी नव्हे. डांबर माशांच्या टाकीत नकोच. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते, पण लाकडाला इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. नुसत्या सिलिकॉनवरही टाकी उभी राहत नाही : ते उघड्या लाकडाला नीट चिकटत नाही आणि एकदा लावले की त्यावर दुसरा लेप बसत नाही.

माझी निवड स्पष्ट आहे : आतून विद्रावकविरहित इपॉक्सी आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी. लाकूड किंचित हलले तरी पट्टी लेपाला चिरू देत नाही. पहिला हात लाकडात मुरू द्या, दुसऱ्या हातात पट्टी बसवा, वर आणखी दोन हात द्या. मधला थर पूर्ण कडक झाला असेल तर पाण्याने पुसून, घासून मगच पुढचा लावा. बाहेरून लाकडाला रंग द्यायलाही विसरू नका.

काच मात्र सिलिकॉननेच बसवायची, तीही इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर. न्हाणीघरासाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमधले औषध माशांना घातक ठरते, म्हणून मत्स्यालयासाठीचे म्हणून लिहिलेलेच घ्या.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. मे महिन्यात रेझिन आणि हार्डनर एकत्र करताच मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते. पावसाळ्यातल्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन वाळते, त्यामुळे कोरड्या दिवसांत त्याला जास्त अवधी द्या. मिश्रण थोडे थोडे करा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

डब्यावर लिहिलेली मुदत पूर्ण झाल्यावर टाकी भरा, आठवडाभर गळती पाहा, ते पाणी फेकून द्या आणि ताजे भरा. मासे त्यानंतरच. लेपाच्या खर्चात काटकसर करू नका. गळक्या टाकीची दुरुस्ती सगळे मासे बाहेर काढल्याशिवाय होत नाही.

पुढील आठवड्यात : गाळणयंत्र आणि हवेचा पंप.