बसकी गाडी, मोठी चाकं आणि नेसरीचा रस्ता

गडहिंग्लजहून नेसरीमार्गे चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. त्या रांगेमागून एखादी स्विफ्ट अशी येते, की नजर आधी तिच्या चाकांवर जाते. चाकं मूळ मापापेक्षा मोठी, टायर पातळ आणि गाडी खाली बसलेली. टायर आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची फट. कारखान्यातून निघालेल्या गाडीत याच जागी अख्खी मूठ जाते. ती फट कमी करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातले कितीतरी तरुण पदरचे पैसे साठवतात आणि सुट्टीचा दिवस गॅरेजवर घालवतात.

या कामाकडे नुसती हौस म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. त्यात गणित आहे, धातूची जाण आहे, मिलिमीटरवर नजर ठेवणारा हात आहे. काम नीट झालं तर गाडी वळणावर खरोखर चांगली चालते. घाईत झालं तर टायर कापला जातो आणि बेअरिंग, स्टीअरिंगचे सांधे, प्रवाशांचा जीव, सगळंच पणाला लागतं.

कोल्हापूरला यंत्राचं वेड जुनं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. बसक्या गाडीमागचं तर्कशास्त्र अशा शर्यतीच्या ट्रॅकवर लागू पडतं. गाडीचं वजन जमिनीच्या जितकं जवळ, तितकं वळणावर ते बाहेरच्या चाकांकडे कमी सरकतं. टायरची बाजू जितकी पातळ, तितकी ती कमी वाकते आणि स्टीअरिंगचा इशारा चाकापर्यंत लवकर पोचतो. ट्रॅकवर खड्डा नसतो, गतिरोधक नसतो, समोरून ट्रॉली येत नाही. नेसरीच्या रस्त्यावर हे सगळं असतं, म्हणून इथे हिशेब नव्याने मांडावा लागतो.

टायरवर लिहिलेलं गणित

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी छापलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ हा रिमचा इंचांतला व्यास. मारुतीने २०१८ साली आणलेल्या स्विफ्टला खालच्या व्हेरिएंटमध्ये १६५/८० आर १४ आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये १८५/६५ आर १५ टायर होते. दोन्हींचा बाहेरचा व्यास काढला तर पहिल्याचा ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर येतो. रिम एक इंचाने वाढली, पण चाक बाहेरून जवळपास तेवढंच राहिलं. चाकं वाढवण्याच्या शास्त्राचा पाया हाच: रिम वाढेल तशी टायरची बाजू कमी करायची आणि बाहेरचा व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवायचा.

पुढे १६ इंचाला १९५/५५ घेतला तर व्यास ६२०.९ आणि १७ इंचाला २०५/४५ घेतला तर ६१६.३ मिलिमीटर. फरक एक टक्क्याच्या आतच. त्याऐवजी १७ इंचाला २०५/५५ चढवला तर व्यास ६५७ मिलिमीटरच्या वर जातो. मग मीटर ताशी ८० दाखवत असताना गाडी जवळपास ८५ ने धावते, किलोमीटरची नोंद चुकते आणि टायर कमानीला लागतो. म्हणून जाणकार फिटर मूळ व्यासापासून ३ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

याच गणितात धोक्याची सूचनाही आहे. १४ इंचाच्या चाकावर टायरच्या बाजूची उंची १३२ मिलिमीटर होती, ती १७ इंचाला ९२ वर आली. खड्ड्याचा मार आधी झेलणारी रबर आणि हवेची ही गादी ४ सेंटिमीटरने घटली. शिवाय टायरवर भार पेलण्याचा निर्देशांक असतो. १८५/६५ आर १५ ला तो साधारण ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो. साध्या २०५/४५ आर १७ ला ८४, म्हणजे ५०० किलो. चार चाकांचा मिळून २४० किलोचा फरक पडतो. म्हणून या मापात जादा भाराचा, एक्सएल खुणेचा टायर घ्यावा आणि त्यात हवाही त्याच्या हिशेबाने भरावी. दुकानात डिझाइन पाहणारे बरेच असतात, हा आकडा विचारणारे फार थोडे.

चाक हबवर कसं बसतं

मॅगव्हील विकत घेताना तीन मापं जुळावी लागतात. पहिलं पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टला तो ४ × १०० आहे, म्हणजे चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर व्यास. दुसरं मधल्या भोकाचं माप, स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या चाकाचं भोक बहुतेकदा मोठं असतं, कारण एकच चाक अनेक गाड्यांना विकायचं असतं. मधली पोकळी भरायला हब रिंग घालतात. ती नसेल तर चाक हबच्या मध्यावर अचूक बसत नाही आणि बॅलन्सिंग करूनही ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं.

तिसरं माप ऑफसेट. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं हे अंतर. गाडी घासणार की नाही, हे मुख्यतः इथेच ठरतं. समजा, मूळ रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ५० आहे. तिच्या जागी ७ इंच रुंद, ३५ ऑफसेटची रिम घातली, तर चाकाची बाहेरची कड जवळपास २८ मिलिमीटर बाहेर येते. आतली कड मात्र २ मिलिमीटरच बाहेर सरकते. सगळी वाढ कमानीच्या बाजूला जाते, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि गाडीत पाच माणसं बसली की टायर कमानीच्या पत्र्याला लागतो.

नटांचाही प्रश्न असतो. काही नटांची बैठक शंकूसारखी निमुळती, काहींची गोल. चाकाला हवी तीच बैठक लागते. नट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळायचे आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. टॉर्क पाना बाहेर काढणारा मेस्त्री भेटला तर त्याला सोडू नये.

गाडी खाली घेणं

खाली घेण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणं. स्प्रिंगच्या काम करणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला तर तिचा कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. चाक खाली लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. मूळ शॉकअप त्या उंचीसाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे तो शेवटच्या रबरावर आपटत राहतो आणि लवकर जातो. तीस-पस्तीस मिलिमीटर खाली घेण्यासाठी बनवलेली पूर्ण स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप हा योग्य मार्ग. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर त्याहून महाग असतात, पण त्यांत चाचणी करून उंची ठरवता येते.

गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. पुढचं चाक वरच्या बाजूने आत झुकतं, टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडतो आणि टायर आतल्या कडेने खरवडला जातो. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून गुळगुळीत झालेला असतो. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच, आणि स्प्रिंग आपल्या जागी बसल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा करायची.

गाडी घासते का, हे पाहण्याची एक चांगली पद्धत आहे. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकस मागचं चाक रॅम्पवर चढवायचं, म्हणजे त्या दोन कोपऱ्यांत स्प्रिंग पूर्ण दाबली जाते. मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचं. कमानीच्या आतल्या कडेला खडू फासून ठेवला तर टायर कुठे लागतो ते लगेच दिसतं. थोडं लागत असेल तर कारागीर आतली पत्र्याची कड गरम करून रोलरने आत वळवतो. हे नाजूक काम आहे. रंगाला तडा गेला तर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

रस्त्याचा हिशेब

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ४० मिलिमीटर खाली घेतली तर १२३ उरतात, तेही गाडी रिकामी असताना. बाहेरचा व्यास तोच असल्यामुळे मोठी रिम पोटाखाली एक मिलिमीटरही परत देत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकाच्या मध्यावर चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखालची सुमारे साडेचार सेंटिमीटर जागाच खाल्ली जाते. बसकी गाडीही तो सहज पार करते. गावाच्या तोंडाशी घाईने टाकलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र चाकांच्या मधोमध येतो आणि आपली पूर्ण उंची खातो. तो १२ सेंटिमीटरचा असेल तर भरलेली गाडी सायलेन्सरवर घासते. आपल्याकडचे गतिरोधक मापात असते, तर बसक्या गाड्यांची निम्मी तक्रार मिटली असती, आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही कमी गचके बसले असते.

दुसरा हिशेब पावसाचा. नेसरीहून पश्चिमेला गेलं की आंबोली आणि तिलारी घाटांचा मुलूख लागतो. आंबोली महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला तरंगू लागतो. कायद्याने कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर हव्यात, पण या पट्ट्यात रुंद टायर घालणाऱ्याने त्यापेक्षा बराच आधी टायर बदलावा. तिलारी घाटाच्या तीव्र उतारावर आणि वळणांवर जड रिम ब्रेकचंही काम वाढवते.

तिसरा हिशेब खड्ड्याचा. पातळ टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो त्याच दिवशी काढायचा.

चाकातला धातू

मॅगव्हील अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. लोखंडी रिम आपटली तर बहुधा वाकते, हलक्या प्रतीचं ओतीव चाक मात्र तडकतं. ओतकामात हवा अडकून ब्लोहोल राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून चांगल्या चाकाची फिरता भार, वळणावरचा ताण आणि आघात अशा तिन्ही कसोट्यांवर चाचणी होते. खरेदी करताना बीआयएसचं चिन्ह आणि चाकावर कोरलेला भाराचा आकडा पाहावा. नामांकित डिझाइनची स्वस्त नक्कल टाळावी. तडकलेल्या चाकाला वेल्डिंग करून ते पुन्हा वापरणं म्हणजे जिवाशी खेळ.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याची भीती वेगळीच. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेलं चाक हा सर्वांत निर्धोक पर्याय. त्यापुढे जायचं असेल, विशेषतः गाडी खाली घ्यायची असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

या कारागिरीबद्दल मला आदर आहे, म्हणून निकाल स्पष्ट देतो. नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या, घरच्यांना घेऊन लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या गाडीला रिममध्ये एक इंचाची वाढ पुरेशी आहे, आणि टायरची बाजू १०० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. उंचीला हात न लावलेला बरा. बसकी गाडी आणि १७ इंचाची चाकं हवीच असतील तर ती ट्रॅकवरच्या दुसऱ्या गाडीसाठी राखावीत. हाती असलेल्या पैशांतून आधी चार चांगले टायर, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, मग चाकं, हा क्रम मोडू नका. आणि ज्या मेस्त्रीने चाक दाखवण्याआधी टेप काढून मापं घेतली, त्याच्याकडेच गाडी द्या.