छातीतली घन बॅटरी आणि पेटंटांचं कुलूप

नागपूरहून पेसमेकर बसवून आलेला पेशंट तपासणीला आला की दोन प्रश्न हमखास विचारतो. बॅटरी किती वर्षं चालेल? आणि ती आतल्या आत ‘फुटन का जी?’ दुसरा प्रश्न अलीकडे वाढलाय. ई-स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ गोसीखुर्दच्या आसपासच्या गावांतही मोबाइलवर फिरतात. स्कूटरची बॅटरी पेटते, तर छातीतली का नाही पेटणार?

शंका रास्त आहे, कारण दोन्ही बॅटऱ्या लिथियमच्याच. फरक आहे तो पोटातल्या पदार्थात. स्कूटरच्या बॅटरीत दोन ध्रुवांच्या मधे एक द्रव असतो. त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. हा द्रव सेंद्रिय आणि ज्वालाग्राही असतो. आत शॉर्टसर्किट झालं, उष्णता वाढली, की तोच आगीचं इंधन होतो. अनेक पेसमेकरांतल्या लिथियम-आयोडीन बॅटरीत मात्र द्रवाचा थेंबही नाही. एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला एका पॉलिमरमध्ये मिसळलेलं आयोडीन. दोन्ही एकमेकांना टेकले की मधे लिथियम आयोडाइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच घन इलेक्ट्रोलाइटचं काम करतो. थराला तडा गेला तर त्या जागी पुन्हा लिथियम आणि आयोडीन भेटतात आणि तडा बुजतो. जखमेवर खपली धरावी तसं! ज्या ‘सॉलिड-स्टेट’ बॅटरीची आज जगभर चर्चा आहे, तिची ही साधी, पण खरीखुरी बहीण पन्नासहून अधिक वर्षं माणसांच्या छातीत बिनबोभाट काम करते आहे.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मृत्यूनंतरचा. चितेच्या उष्णतेत पेसमेकरचा स्फोट होऊ शकतो. म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी तो काढून घ्यावा लागतो. घरच्यांनी हे डॉक्टरांना आठवणीनं सांगावं. आपल्याकडे या विषयावर आधी बोलणं अशुभ मानतात, पण मी पेशंटच्या मुलांना बाजूला घेऊन सांगतोच.

ही बॅटरी आली कशी, तो इतिहास पेटंटच्या वहीत लिहिलेला आहे. शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला. तो काही तासच चालला. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. सुरुवातीच्या पेसमेकरांत पाऱ्याच्या बॅटऱ्या असत. त्या दोनेक वर्षांत संपत आणि त्यांतून हायड्रोजन वायू निघत असल्यानं डबी हवाबंद करता येत नसे. शरीरातला ओलावा आत शिरायचा आणि यंत्र बिघडायचं. बॅटरीसाठी म्हणून पुन्हा पुन्हा छाती उघडायची!

लिथियम-आयोडीन बॅटरीचं पेटंट १९७२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅटलिस्ट रिसर्च कॉर्पोरेशनमधल्या श्नायडर आणि मोझर यांना मिळालं. त्याच वर्षी इटलीत असा पेसमेकर पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. पण ही बॅटरी वैद्यकाच्या कामाची करून दाखवली विल्सन ग्रेटबॅच यांनी. ते पेशानं इंजिनिअर. पेसमेकरचं स्वतःचं पेटंट त्यांनी आधीच मेडट्रॉनिक कंपनीला लायसन्सवर दिलेलं होतं. बॅटरीच्या बाबतीत ते दुसऱ्या बाजूला बसले, म्हणजे लायसन्स घेणाऱ्याच्या. तंत्र घेतलं, सुधारलं आणि पेसमेकर बनवणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांना ते बॅटऱ्या विकू लागले. शोध एका कंपनीच्या कपाटात अडकून राहिला नाही. पाऱ्याच्या बॅटऱ्या काही वर्षांतच मागे पडल्या आणि रुग्णाच्या वाट्याला आठ ते बारा वर्षं निर्धास्तपणे आली.

मग हीच बॅटरी स्कूटरला का लावत नाहीत? पेसमेकरला लागतात दहा-वीस मायक्रोअँपिअर. स्कूटरला त्याच्या दहा लाखपट वीज एका वेळी लागते. शिवाय लिथियम-आयोडीन बॅटरी पुन्हा चार्ज होत नाही. वाहनासाठी आयन भराभर सोडणारा घन पदार्थ हवा. त्या शोधात आपलीही माणसं आहेत. जर्मनीतल्या कील विद्यापीठात रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी २००७ मध्ये लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचा गार्नेट जातीचा सिरॅमिक पदार्थ जाहीर केला. आज तो या क्षेत्रातल्या प्रमुख पदार्थांपैकी एक आहे. २०११ मध्ये जपानच्या र्‍योजी कान्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधकयुक्त घन पदार्थात आयन द्रवाइतक्याच वेगानं जातात हे दाखवलं. (गंधक म्हटलं की माझ्यातला डॉक्टर सावध होतो. ओलावा लागला तर या पदार्थांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास येणारा हा विषारी वायू जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. ‘घन म्हणजे सुरक्षित’ या जाहिरातीवर डोळे झाकून विश्वास नको.)

अशा एका बॅटरीत घन पदार्थाचं पेटंट एकाचं, त्यावरच्या लेपाचं दुसऱ्याचं, लिथियमच्या पत्र्याचं तिसऱ्याचं, दाबून थर बसवण्याच्या पद्धतीचं चौथ्याचं. एकट्या टोयोटाकडे या विषयातली हजारावर पेटंटं आहेत. नव्यानं कारखाना काढणाऱ्यानं किती दारं ठोठवायची? प्रत्येक दाराशी रॉयल्टी आणि एका जरी मालकानं नाही म्हटलं तर सगळंच अडलं. यावर जुना उपाय आहे, पेटंट पूल. सगळ्यांनी आपापली पेटंटं एका सामाईक हौदात टाकायची आणि घेणाऱ्यानं एकाच खिडकीवर ठरावीक पैसे भरायचे. अमेरिकेत राइट आणि कर्टिस यांच्या भांडणात विमानं बनणं अडखळलं होतं. १९१७ मध्ये महायुद्धात उतरायची वेळ आली तेव्हा सरकारनं रेटा लावून असा पूल करून घेतला.

औषधांत हे आम्ही रोज पाहतो. २०१० मध्ये युनिटएडनं जिनिव्हात मेडिसिन्स पेटंट पूल उभा केला. एचआयव्हीवरच्या डोलुटेग्राविरचं लायसन्स २०१४ मध्ये त्यात आलं. अनेक कंपन्या ते बनवू लागल्या आणि २०१७ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी गरीब देशांसाठी वर्षाला माणशी सुमारे ७५ डॉलरला देण्याचं जाहीर झालं.

मालक राजी नसेल तर? आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ८४ त्यासाठीच आहे. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि वस्तू लोकांना परवडत नसेल, पुरेशी मिळत नसेल किंवा देशात बनवली जात नसेल, तर सक्तीचं लायसन्स देता येतं. मुंबईच्या पेटंट कार्यालयातून मार्च २०१२ मध्ये ते देशात पहिल्यांदा दिलं गेलं. औषध होतं यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब. बायरच्या औषधाला महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकायची अट घातली गेली आणि बायरला रॉयल्टीही मिळत राहिली.

बॅटरीला हे जसंच्या तसं लागू पडत नाही. चांगला रसायनतज्ज्ञ गोळीचा रेणू पाहून ती बनवू शकतो. बॅटरीचं मर्म पेटंटच्या कागदात पुरतं उतरत नाही. कोरडी खोली किती कोरडी हवी, भट्टी किती तापवायची, दाब किती द्यायचा, हे करणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे निव्वळ लायसन्स पुरत नाही, शिकवणाराही लागतो. पुण्यात त्याचं उदाहरण घडतं आहे. केपीआयटीनं पुण्याच्याच आयसर संस्थेबरोबर तयार केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते उत्पादनासाठी ट्रेन्टार एनर्जी सोल्यूशन्सला हस्तांतरित करण्याचा करार केला. ही बॅटरी सॉलिड-स्टेट नव्हे, पण प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याची वाट तीच.

लायसन्सच्या अटी किती दूरवर पोहोचतात, हे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीनं दाखवलं. तिची मूळ पेटंटं अमेरिका-कॅनडातल्या संस्थांकडे होती. चिनी कारखान्यांना देशांतर्गत विक्रीसाठी फी न घेता ती वापरू दिली गेली. बाकी जग मुदत संपण्याची वाट पाहत बसलं. २०२२ मध्ये मुख्य पेटंटं संपली, तोवर ही बॅटरी बनवण्यात चीन फार पुढे गेला होता.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला कालव्याचंच उदाहरण पुरे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ सालची. वैनगंगेचं पाणी अडलं, पण वितरिका पुऱ्या व्हायला दशकं लागली आणि टेलच्या शेतकऱ्यानं धान पावसावरच काढलं. पवनीच्या रस्त्यावरचा ई-रिक्षावाला आजही शिसं आणि आम्लाची बॅटरी रात्री ओसरीवर चार्जिंगला लावून तिच्याशेजारीच झोपतो. केंद्रानं २०२१ मध्ये प्रगत बॅटऱ्यांच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. सरकारी पैशातून जे संशोधन होईल त्याचं लायसन्स एकाच कंपनीला न देता, ठरावीक रॉयल्टी भरणाऱ्या कुणालाही मिळेल, अशी अट आताच, करार होण्याआधी घालायला हवी. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं असते. आज अर्ज केलेलं पेटंट संपेल तेव्हा आज पेसमेकर बसवलेल्या माणसाची दुसरी बॅटरीही संपत आलेली असेल.